टियर सहा ते टियर चार: एका नावाचं बिल

महाराष्ट्रातल्या सरकारी नोकरांना १ नोव्हेंबर २००५ ही तारीख जशी झोपेतही सांगता येते, तशी न्यूयॉर्क राज्यातल्या सरकारी नोकरांना १ एप्रिल २०१२ ही तारीख सांगता येते. त्या दिवसापासून जे राज्याच्या पेन्शन योजनेत आले ते सगळे टियर सहा. त्याआधी १ जानेवारी २०१० पासूनचे टियर पाच आणि १ सप्टेंबर १९८३ ते ३१ डिसेंबर २००९ या काळातले टियर चार. टियर म्हणजे पेन्शनच्या नियमांचा संच. तुम्ही नोकरीला कधी लागलात यावर तो ठरत नाही, योजनेचे सदस्य कधी झालात यावर ठरतो. हा फरक मला नोकरीत चौदा वर्षं काढल्यावर कळला. मग टियर सहातून चारमध्ये येण्यासाठी माझ्या एकटीच्या नावाचं बिल, म्हणजे विधेयक, विधिमंडळातून मंजूर करून घ्यावं लागलं. ते कसं झालं ते इथे सांगते.

मी सप्टेंबर २००८ मध्ये इथल्या एका टाऊनच्या करवसुलीच्या कचेरीत अर्धवेळ कारकून म्हणून लागले, आठवड्याला २० तास. टाऊन म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा मोठी आणि तालुक्यापेक्षा लहान अशी स्थानिक संस्था. मे २०१२ मध्ये पूर्णवेळ झाले. पूर्णवेळ कायम कर्मचाऱ्याला सदस्य व्हावंच लागतं, त्यामुळे तेव्हा माझा अर्ज गेला आणि मी टियर सहा झाले. अर्धवेळ कर्मचाऱ्याला सदस्यत्व ऐच्छिक असतं, मात्र ‘तुम्हाला सदस्य होता येतं’ हे त्याला लेखी कळवणं मालकसंस्थेवर बंधनकारक असतं. मला कुणी कळवलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, कारण अर्धवेळ नोकरीला पेन्शन असते ही कल्पनाच डोक्यात नव्हती. आपल्याकडच्या बहुतेकांच्या नसते.

फरक किती पडतो ते आकड्यांत सांगते, कारण इतका खटाटोप करायचा की नाही हे त्यावरच ठरतं. समजा २२ वर्षांची सेवा झाली आणि शेवटचा सरासरी पगार ६०,००० डॉलर आहे. टियर चारमध्ये २० वर्षं भरली की प्रत्येक वर्षाला २ टक्के मिळतात, म्हणजे ४४ टक्के, वर्षाला २६,४०० डॉलर. टियर सहामध्ये पहिल्या २० वर्षांचे ३५ टक्के आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे २ टक्के, म्हणजे ३९ टक्के, २३,४०० डॉलर. वर्षाला ३,००० चा फरक, तोही मरेपर्यंत. शिवाय टियर चारला पूर्ण पेन्शन ६२ व्या वर्षी, टियर सहाला ६३ व्या. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झालात तर टियर चारमध्ये २७ टक्के कपात (३० वर्षं सेवा झाली असेल तर तीही नाही), टियर सहामध्ये ५२ टक्के. आणि पगारातून दर वेळी कापली जाणारी वर्गणी वेगळीच. टियर चारला ३ टक्के, आणि सदस्यत्वाची किंवा सेवेची १० वर्षं झाली की तीही बंद. टियर सहाला पगाराप्रमाणे ३ ते ६ टक्के आणि ती नोकरी संपेपर्यंत. ६०,००० पगाराला दर ४.५ टक्के, म्हणजे वर्षाला २,७०० डॉलर. २०२२ आणि २०२४ मध्ये टियर सहात थोड्या सुधारणा झाल्या, पेन्शनचा हक्क १० ऐवजी ५ वर्षांत मिळू लागला आणि सरासरी पगार ५ ऐवजी ३ वर्षांचा धरू लागले. पण वरचे फरक तसेच राहिले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या टेबलावरची सहकारी निवृत्तीचे कागद भरत होती, तेव्हा हे सगळं उघड झालं. पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची असते तीच माझी होती: मधली वर्षं विकत घेऊ. तसं करता येतं. आधीच्या सेवेचे पैसे भरले की ती वर्षं खात्यात जमा होतात. पण टियर तिथेच राहतो. सेवा विकत मिळते, टियर मिळत नाही. हे पेन्शन कचेरीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, तरी फोनवर दोनदा विचारून खात्री केली.

मग कायदा करायचा तो का? तर दुसरा रस्ता उरला नाही म्हणून. आधीचे रस्ते नीट बंद झालेत हे दाखवल्याशिवाय कुणी आमदार बिल हातात घेत नाही, म्हणून ते क्रमाने सांगते.

पहिला रस्ता, टियर पूर्ववत करणं. तुम्ही याआधी न्यूयॉर्कमधल्या कुठल्याही सरकारी पेन्शन योजनेचे सदस्य असाल आणि ते सदस्यत्व संपलं असेल, तर जुनी तारीख परत मिळवता येते. कॉलेजात असताना उन्हाळ्यात शहराच्या एखाद्या खात्यात काम केलंय का, शाळेत बदली शिक्षक होतात का, हे आठवून पाहा. इथे वाढलेल्या मुलांच्या बाबतीत असं सदस्यत्व कधी कधी खरंच निघतं. माझ्या बाबतीत प्रश्नच नव्हता, मी तेव्हा पुण्यात होते.

दुसरा, निवृत्ती कायद्याचं कलम ८०३. हे १९९३ च्या ४३७ व्या कायद्याने आलं, नेमकं माझ्यासारख्यांसाठी: ज्यांना सदस्य होण्याची संधीच दिली गेली नाही त्यांना मागील तारखेने सदस्यत्व. पण दावा करायला तीन वर्षांची मुदत होती आणि ती १९९६ मध्ये संपली. खिडकी बंद असली तरी त्या कलमातली कसोटी मात्र अजून कामाला येते, कारण आमदारांची मंडळी आणि टाऊनचे वकील अजूनही तेच तीन प्रश्न विचारतात. कर्मचाऱ्याने लेखी नकार दिला होता का? सदस्य होण्याचा पर्याय समजावून सांगणाऱ्या एखाद्या प्रक्रियेत तो सहभागी झाला होता का? आणि कुठल्याही समजूतदार माणसाला ‘इथे मला हो किंवा नाही सांगायचंय’ असं वाटावं असा काही प्रसंग घडला होता का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर प्रकरण फार कच्चं होतं.

तिसरा, पेन्शन कचेरीकडेच दुरुस्ती मागणं. मी डिसेंबरात पत्र लिहिलं, उत्तर फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं. अपेक्षित होतं तेच: ऐच्छिक सदस्यत्व अर्ज दाखल झाल्यापासून सुरू होतं, २००८ चा अर्ज नाही, सबब तारीख बदलता येत नाही. अशा निर्णयाविरुद्ध चार महिन्यांत सुनावणी मागता येते. मी मागितली नाही, कारण कायद्याच्या शब्दांप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. पण हे नकाराचं पत्र जपून ठेवा, फोनवरच्या उत्तरावर थांबू नका. पुढे प्रत्येक टेबलावर ते मागतात.

दरम्यान कागद गोळा करणं चालू होतं. स्वतःच्याच कचेरीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायला संकोच वाटतो, पण टाकावा. इथल्या कायद्यात पाच कामकाजाच्या दिवसांत पोच द्यावी लागते आणि प्रतीला पानामागे जास्तीत जास्त २५ सेंट घेता येतात. मी मागितलं ते असं: माझी संपूर्ण नोकरीची फाईल, २००८ ते २०१२ च्या पगारनोंदी तासांसकट, माझ्या नेमणुकीचा बोर्डाचा ठराव, आणि त्या काळात अर्धवेळ कर्मचाऱ्यांना द्यायच्या कागदांची यादी किंवा नमुने. ६२ पानं आली, १५ डॉलर ५० सेंट. त्यात सदस्यत्व नाकारल्याचा सहीचा कागद नव्हता. हा नसलेला कागदच सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दिवशी पुढे केलेल्या दहा कागदांवर आपण न वाचता सह्या केलेल्या असतात, त्यात ‘मला सदस्य व्हायचं नाही’ असा एक कागद निघाला तर गाडी तिथेच थांबते. म्हणून आमदाराकडे जाण्याआधी फाईल बघा.

यानंतर टाऊनकडून लेखी कबुली. इथे माणसं बिचकतात, आणि ते समजण्यासारखं आहे. आपल्याच साहेबांकडे जाऊन ‘चूक तुमची होती असं लिहून द्या’ म्हणायचं, शिवाय खर्चही त्यांनीच करायचा. मी सुपरवायझरना (टाऊनचा निवडून आलेला प्रमुख; खात्यातला सुपरवायझर नव्हे) आधी दोन पानी टिपण दिलं: तारखा, नियम, काय मागते आहे, आणि रक्कम अजून माहीत नाही हेही. दोष कुणा व्यक्तीवर टाकला नाही. २००८ मध्ये जे टाऊन क्लार्क (टाऊनच्या नोंदी सांभाळणारा अधिकारी; साधा कारकून नव्हे) होते ते आता निवृत्त आहेत, त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की त्या वर्षांत अर्धवेळ लोकांना अशी लेखी सूचना देण्याची पद्धत कचेरीत नव्हती. नोटरीचे २ डॉलर. या एका पानाने जे काम केलं ते माझ्या दहा पत्रांनी केलं नसतं.

आता बिलाकडे. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत पाचव्या अनुच्छेदाचं सातवं कलम असं आहे की पेन्शन योजनेचं सदस्यत्व हा करार आहे आणि त्याचे लाभ कमी करता येत नाहीत. म्हणूनच सरकार जुन्यांना हात न लावता फक्त नव्यांसाठी नियम कडक करत गेलं आणि हे टियर साचत गेले. जे कलम सदस्याला वाचवतं तेच बाहेर राहिलेल्याला बाहेर ठेवतं. मागील तारखेने आत घ्यायचं तर विधिमंडळालाच म्हणावं लागतं की ‘इतर कुठल्याही कायद्यात काही असलं तरी अमुक व्यक्ती अमुक तारखेला सदस्य झाली असं मानावं.’ अशी एकेका माणसाची बिलं तिथे दर वर्षी येतात. आपल्या मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) अर्ज करावा तशी गोष्ट, फक्त न्यायाधिकरणाऐवजी सिनेट, असेम्ब्ली आणि गव्हर्नर.

बिल असतं दीड पानाचं. पहिल्या कलमात नाव, टाऊन, कधीपासून नोकरीत, स्वतःचा काहीही दोष नसताना अर्ज राहून गेला हे वाक्य, आणि कुठल्या तारखेपासून सदस्य मानावं ते. त्याच कलमात एक अट: कायदा झाल्यावर ठराविक मुदतीत कंट्रोलरकडे (राज्याचे हिशेबप्रमुख; पेन्शन योजना त्यांच्याच हाताखाली असते) लेखी विनंती दाखल केली तरच. दुसऱ्या कलमात, आजवर भरलेली वर्गणी परत मिळणार नाही. तिसऱ्यात, सगळा खर्च टाऊन करेल. चौथ्यात, कायदा लगेच लागू. शेवटी फिस्कल नोट, म्हणजे खर्चाचा अंदाज. पहिल्या कलमात सहसा ‘सध्या टाऊनच्या नोकरीत असलेली’ असे शब्द असतात, त्यामुळे बिल चालू असताना नोकरी बदलू नका, निवृत्तीचा अर्ज तर मुळीच टाकू नका.

मार्च २०२३ मध्ये मी माझ्या भागाच्या सिनेटर आणि असेम्ब्ली सदस्याच्या स्थानिक कचेऱ्यांत गेले. दोन्हींकडे जावं लागतं, कारण एकाच मजकुराची दोन बिलं दोन्ही सभागृहांत मांडली जातात. भेट आमदारांशी होतेच असं नाही, आणि व्हायची गरजही नाही. तिथला पेन्शनची बिलं बघणारा सहायक हाच आपला माणूस. एकाच पीडीएफमध्ये क्रमाने लावलेले कागद त्याला दिले: टाऊनचं पत्र, प्रतिज्ञापत्र, नकाराचं पत्र, नेमणुकीचे ठराव. मसुदा विधिमंडळाचा मसुदा विभाग करतो. तो मसुदा आमदाराच्या कचेरीतून पेन्शन यंत्रणेच्या ॲक्चुअरीकडे (पेन्शनच्या खर्चाचं गणित मांडणारा तज्ज्ञ) जातो, आणि ॲक्चुअरी खर्चाचा अंदाज देतो. हीच फिस्कल नोट. ती आपण स्वतः मागवू शकत नाही, टाऊनलाही परस्पर मिळत नाही. आणि तिच्याशिवाय पेन्शनचं बिल पुढे सरकत नाही.

उशीर झाला होता. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि साधारण जूनमध्ये संपतं. मार्चमध्ये सुरुवात म्हणजे अर्धी शर्यत संपल्यावर धावायला लागणं. सहायकाने तसं सांगितलंही. ज्यांना हे करायचंय त्यांनी कागद ऑक्टोबरपर्यंत तयार ठेवावेत आणि डिसेंबरात आमदारांच्या कचेरीत जावं.

फिस्कल नोट एप्रिलच्या शेवटी आली. तिची भाषा ठरलेली असते: हे बिल या अधिवेशनात मंजूर झालं तर मागील सेवेचा एकरकमी खर्च इतका, तो टाऊनने पुढल्या वर्षी १ फेब्रुवारीला भरावा असं गृहीत धरलं आहे, शिवाय पुढे दर वर्षी मालकाची वर्गणी थोडी वाढेल. खाली एक ओळ असते, तिच्याकडे कुणी बघत नाही: हा अंदाज फक्त याच वर्षीच्या अधिवेशनासाठी. पुढल्या वर्षी नवा अंदाज, नवा क्रमांक, आणि बहुधा मोठी रक्कम.

मग होम रूल रिक्वेस्ट. घटनेप्रमाणे एखाद्या स्थानिक संस्थेपुरता विशेष कायदा करायचा तर त्या संस्थेनेच विधिमंडळाला विनंती करावी लागते. आमच्या क्लार्कने दोन-तृतीयांश बहुमताचा मार्ग घेतला. टाऊन बोर्ड पाच जणांचं, म्हणजे चार मतं हवीत. हे दोन-तृतीयांश एकूण सदस्यसंख्येचे असतात, हजर असलेल्यांचे नव्हे. एक जागा रिकामी आणि एक सदस्य सुट्टीवर असेल तर उरलेल्या तिघांनी एकमताने हात वर केले तरी उपयोग नाही. ठराव बिल मांडल्यावरच करता येतो, कारण छापील फॉर्मवर दोन्ही सभागृहांतले बिलाचे क्रमांक आणि शीर्षक हुबेहूब लिहावं लागतं. क्लार्कचं प्रमाणपत्र आणि शिक्का हवा. मे महिन्याच्या मध्यावर बोर्डाने ठराव केला. खुल्या सभेत आपल्या नावापुढे डॉलरचा आकडा मोठ्याने वाचला जातो आणि करदाते ऐकत असतात, याची मनाची तयारी ठेवा. एका गृहस्थांनी विचारलंच, की एका बाईसाठी गावाने का भरायचं. सुपरवायझरनी उत्तर दिलं, मी गप्प बसले.

आणि मग ती चूक. मराठी माणसांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. माझं पासपोर्टवरचं नाव म्हणजे माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. पगारखात्यात मधल्या नावाचं फक्त अद्याक्षर. पेन्शन कचेरीत २०१२ च्या अर्जाप्रमाणे पूर्ण मधलं नाव. आणि टाऊनच्या पत्रावर आडनावात एक ‘एच’ कमी. मसुदा टाऊनच्या पत्रावरून झाला, म्हणजे बिलातलं नाव पेन्शन कचेरीच्या नोंदीत नसलेल्या बाईचं झालं. हे मेच्या शेवटी लक्षात आलं. बिलात दुरुस्ती झाली की क्रमांकापुढे ‘ए’ लागतो, आणि आधीच्या क्रमांकावर केलेला होम रूलचा ठराव निकामी होतो. नवा ठराव हवा. वर घटनेचा नियम असा की अंतिम स्वरूपातलं बिल सदस्यांच्या टेबलावर तीन दिवस पडून राहिल्याशिवाय मतदान नाही. गव्हर्नर तातडीचा संदेश पाठवून यातून सूट देऊ शकतात, पण ती मोठ्या बिलांसाठी असते, आपल्यासाठी कोण देणार! बोर्डाने विशेष सभा घेतली. सिनेटने बिल शेवटच्या दिवसांत मंजूर केलं. असेम्ब्लीत ते सरकारी कर्मचारी समितीतून निघालं आणि वेज अँड मीन्स या अर्थविषयक समितीत अडकलं. अधिवेशन संपलं.

म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी पेन्शन यंत्रणेच्या ऑनलाइन खात्यावर किंवा वार्षिक विवरणपत्रावर जसं नाव आहे तसंच, स्पेलिंगसकट, कागदावर उतरवा आणि ते पान सगळ्यांना द्या. नाव तिथेच चुकीचं असेल तर आधी तिथे दुरुस्त करा. आणि मसुदा मांडण्याआधी मला दाखवा, असं सहायकाला स्पष्ट सांगा. ते नाही म्हणत नाहीत.

विधिमंडळाची मुदत दोन वर्षांची, विषम वर्षी सुरू होणारी. त्यामुळे २०२३ चं बिल २०२४ मध्ये जिवंत होतं. पण जानेवारीत सिनेटच्या संकेतस्थळावर त्यापुढे ओळ आली की बिल असेम्ब्लीत मेलं आणि सिनेटकडे परत आलं. मी घाबरून फोन केला. त्या ओळीचा अर्थ एवढाच की एका सभागृहात मंजूर झालेलं बिल दुसऱ्या वर्षी मूळ सभागृहात परत येतं आणि समितीपासून पुन्हा सुरू होतं. शब्द तेवढे वाईट निवडलेत. अशीच दुसरी ओळ म्हणजे एका सभागृहाचं बिल दुसऱ्याच्या बिलाने ‘बदललं’. एक सभागृह आधी मंजूर करतं तेव्हा दुसरं आपलं बिल बाजूला ठेवून तेच घेतं, आणि पुढचा सगळा प्रवास त्या क्रमांकावर होतो. म्हणून ईमेल सूचना दोन्ही क्रमांकांवर लावून ठेवा.

२०२४ चं वर्ष कंटाळवाणं गेलं, आणि अशा कामात कंटाळवाणं वर्ष म्हणजे चांगलं वर्ष. नवी फिस्कल नोट फेब्रुवारीत आली. रक्कम वाढली होती, कारण मधल्या वर्षाचं व्याज आणि पगारवाढ. नव्या रकमेवर बोर्डाकडून ठराव नव्याने करून घेतला, कुणी शंका काढू नये म्हणून. सिनेटच्या नागरी सेवा व पेन्शन समितीत बिल मार्चमध्ये, असेम्ब्लीच्या दोन्ही समित्यांतून मेमध्ये निघालं. जूनच्या सुरुवातीला दोन्हीकडे मंजूर. प्रक्षेपण बघत होते. सभागृहाच्या क्लार्कने क्रमांक वाचला, हजेरी, मंजूर, पुढचा क्रमांक. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत झालं.

यानंतरची थांबाथांब मात्र खरी त्रासदायक. मंजूर झालेलं बिल गव्हर्नरकडे लगेच जात नाही. वर्षाला शेकडो बिलं असतात, ती डिसेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने पाठवतात. पोचल्यावर गव्हर्नरकडे रविवार सोडून दहा दिवस असतात. त्यांनी काहीच केलं नाही तर बिल कायदा होतं. पण अधिवेशन औपचारिकपणे कायमचं संपल्यावर पोचलेल्या बिलाला तीस दिवस, आणि तेव्हा सही झाली नाही तर ते मरतं. पेन्शनच्या बिलांवर व्हेटोची नेहमीची सबब अशी की असा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पाच्या वेळी ठरवावा. आमच्या बिलात खर्च टाऊनचा आणि टाऊनने स्वतः मागितलेला, म्हणून ती सबब लागू होत नव्हती. गव्हर्नरच्या वकील कचेरीने मतं मागवली तेव्हा टाऊनने पाठिंब्याचं पत्र पाठवलं. हे पत्र आधीच तयार ठेवा, मुदत फार थोडी असते.

यात एक गाठ आहे, ती कुणी आधी सांगत नाही. टाऊनला पुढल्या वर्षाचं अंदाजपत्रक २० नोव्हेंबरपर्यंत मंजूर करावं लागतं. पैसे भरायचे १ फेब्रुवारीला. आणि सही डिसेंबरातही होऊ शकते. म्हणजे कायदा होईल की नाही हे माहीत नसताना टाऊनने रक्कम बाजूला काढायची. सप्टेंबरअखेर अंदाजपत्रकाचा पहिला मसुदा निघतो, तेव्हाच हिशेबनीसांकडे फिस्कल नोटची प्रत नेऊन दिली. नाहीतर फेब्रुवारीत शिल्लक निधीला हात घालायची वेळ येते आणि मग बोर्डाची नाराजी आयुष्यभर पुरते.

सही नोव्हेंबरात झाली. ईमेल रात्री आली, सकाळी पुण्याला फोन केला. आईला वाटलं पेन्शन सुरू झाली.

कायदा झाला म्हणजे काम झालं, असं समजू नका. वर सांगितलेली लेखी विनंती मुदतीत गेली नाही तर सगळं वाया. मी एका पानाचं पत्र केलं: नाव बिलात आहे तसं, नोंदणी क्रमांक, कायद्याचा प्रकरण क्रमांक आणि वर्ष, ‘या कायद्याप्रमाणे मी मागील तारखेने सदस्यत्वाची विनंती करते’ हे वाक्य, सही. नोटरी करून पोचपावतीच्या टपालाने पाठवलं आणि तेच ऑनलाइन खात्यातूनही पाठवलं. उत्तर मार्च २०२५ मध्ये आलं: सदस्यत्वाची तारीख सप्टेंबर २००८, टियर चार. एप्रिलच्या दुसऱ्या पगारात वर्गणीची कपात शून्य दिसली. दहा वर्षं २०१८ मध्येच भरली होती. मधल्या वर्षांत जास्त कापलेलं परत मिळालं नाही, तसं कायद्यातच लिहिलंय.

त्यासोबत २००८ ते २०१२ ची थकलेली वर्गणी भरायचं पत्र आलं, पगाराच्या ३ टक्के आणि ५ टक्के व्याज. टियर सहामध्ये असताना ही वर्षं विकत घेतली असती तर दर ६ टक्के पडला असता, आणि ते पैसे परत आले नसते. म्हणून बिल चालू असेल तर आधीची सेवा विकत घ्यायची घाई करू नका.

पत्रातला सेवेचा हिशेब मात्र तपासा. अर्धवेळ सेवा दिवसांत मोजतात: एकूण तास भागिले कामाच्या दिवसाचे प्रमाण तास, आणि त्याला भागिले २६०. मला वर्षाला अर्धं वर्ष धरलं होतं, म्हणजे १,०४० तास भागिले ८, १३० दिवस. पण आमच्या टाऊनच्या ठरावाप्रमाणे कारकुनाचा दिवस ७ तासांचा. मग होतात १४८ दिवस आणि वर, वर्षाला ०.५७. तीन वर्षं आठ महिन्यांत फरक तीन महिन्यांचा पडतो. प्रमाण दिवसाचा तो ठराव क्लार्ककडून शिक्क्यानिशी घेतला, २५ सेंट, आणि पगारनोंदींसोबत पाठवला. दुरुस्त हिशेब सात आठवड्यांनी आला.